चारशे चौदा नंबरचा चेहरा

मी कधी काही लिहिलेलं नाही. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केली, पण त्या काळात लिहिले ते हजेरीपट, दाखले आणि शेरे. गावच्या वाचनालयाचा सुदर्शन दोनदा घरी येऊन गेला. म्हणाला, "गुरुजी, अंकासाठी गावातल्या एखाद्या माणसावर लिहा. कुणीही चालेल." कुणीही चालेल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे एकच माणूस आलं, आणि आलं तेही तावातावानंच. चिमाबाई चासकर. तिच्याबद्दल लिहायला मी योग्य माणूस आहे की नाही, याची मला खात्री नाही. तिच्या पंधरा वर्षांच्या वैतागाचं मूळ मीच आहे, हे मात्र खरं आहे. तेव्हा जमेल तसं लिहितो.

आमचं गाव महाळुंगे पडवळच्या पलीकडचं, घोड नदीच्या अंगाला. कांदा, बटाटा आणि दोन-दोन म्हशी, असा घरटी व्यवहार. चिमाबाईचे मालक बहिरू चासकर एकोणनव्वद साली गेले. मुलगा नाही. एकुलती मुलगी शीला पिंपरी पेंढारला दिलेली. भिंतीला भिंत लावून दीर सोपान आणि धाकटी जाऊ अंबाबाई राहतात. जावाजावांचं बरं होतं. बरं म्हणजे, रोज भांडण आणि रोज एकाच पाट्यावर वाटण.

चिमाबाईला एकच वेड होतं, मतदानाचं. कुठल्या पक्षाचं नव्हे, नुसतं मत देण्याचं. पत्र्याच्या डब्यात तिनं प्रत्येक निवडणुकीची चिठ्ठी जपून ठेवलेली होती. एकदा मी सहज विचारलं, तर म्हणाली, "गुरुजी, घर सासऱ्याच्या नावावर. जिमीन दिराच्यात सामाईक. डेअरीचं पुस्तक आमच्या ह्यांच्या नावावर व्हतं, ते आता दिराच्या. म्हशीला तर नावच न्हाई. सरकारात माझ्या एकटीच्या नावावर काय असंल तर ह्ये एक मत. ते कसं सोडू?"

मी मान हलवली आणि वाटेला लागलो. मला असं पटकन बोलता येत नाही.

एक्याण्णवच्या लोकसभेला माझी ड्यूटी जुन्नर तालुक्यात लागली होती. मास्तर माणसाला स्वतःच्या गावात ड्यूटी देत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी पेटीबिटी जमा करून, उन्हानं अर्धमेला होऊन घरी आलो, तर चिमाबाई ओट्यावर बसलेली.

"गुरुजी, माझं मत कुनी खाल्लं?"

"म्हणजे?"

"म्हंजे काय? काल दोन वाजता धारा-पानी उरकून गेली. तिथला सायेब म्हनतो, आजी, तुमचं मत झालंय. म्या म्हनलं, अरं बाबा, मी तर आत्ता येती. तर म्हनतो, यादीत खूण हाय. मी बोट दावलं. हे बघा, कोरं बोट. तर मला म्हनतो, शाई पुसली असंल!" तिनं ते बोट माझ्या नाकासमोर धरलं. "जी शाई दोन-दोन म्हयने नखातनं जात न्हाई, ती मी शेन काढून पुसली व्हय?"

मी तिला सांगितलं की असं झालं तर वेगळी मतपत्रिका मागता येते. ती लिफाफ्यात ठेवतात. तसा नियम आहे.

"मंग त्या सायबाला का सांगितला न्हाई त्यो नियम?"

"त्याला माहीत असणार."

"त्याला म्हाईत, तुमाला म्हाईत. ज्याचं मत गेलं त्याला तेवढं म्हाईत न्हाई. बरं हाय तुमचं."

तिच्या नावावर दुसऱ्या वाडीवरची कुणी बाई आणून मत टाकलं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. केंद्रात दोन्ही बाजूंचे एजंट बसले होते. खोटा माणूस आला तर हरकत घ्यायची, एवढंच त्यांचं काम. त्यातला एक कुंडलिक. आमच्याच आळीतला, चिमाबाईच्या म्हशीचा खरवस खाऊन वाढलेला. तो गप्प बसला होता. तिनं त्याला चावडीपुढे गाठलं. तो म्हणाला, "काकी, डोक्यावर पदर व्हता, मला वाटलं तूच."

"माझ्यापरीस हातभर उंच व्हती ती, शेजारच्या लंकाबाईनं दारात बघितली!"

"मी बसलेलो व्हतो. बसल्याला मानसाला उंची काय कळती?"

मीसुद्धा तिथेच उभा होतो. मीही काही बोललो नाही.

म्हणून नंतर तीन-चार वर्षांनी फोटोच्या ओळखपत्राची बातमी आली, तेव्हा गावात सगळ्यात जास्त आनंद झाला तो चिमाबाईला. गडीमाणसं कुरकुरत होती. कुणी म्हणे, फोटो घेऊन कुटुंब नियोजनाला नेतील. कुणी म्हणे, कर्जाची वसुली लावतील. चिमाबाई सगळ्यांना झापत होती. "काढा की फोटू! ज्याचं तोंड त्याचं मत. आता बघते कोन माझं तोंड लावून येतंय ते."

फोटोचं शिबिर आमच्याच शाळेत लागलं आणि माणसं ओळखीची म्हणून यावेळी काम मला लागलं. जुन्नरच्या बाजारपेठेत फोटोचं छोटं दुकान असलेला चांद शेख हा ठेकेदाराकडून कॅमेरा घेऊन आला होता. पंचविशीतला शांत मुलगा. तिसरीच्या वर्गात निळा कपडा टांगला, पुढे खुर्ची ठेवली. माझं काम असं: यादीतला नंबर बघून नाव पुकारायचं, तो नंबर पाटीवर लावून पाटी माणसाच्या हातात द्यायची. माणसानं ती छातीशी धरून बसायचं. चांद फोटो काढणार. पुढे कुठेतरी शहरात नंबरावरून फोटो आणि नाव जुळवून कार्ड होणार. म्हणजे नावाची आणि चेहऱ्याची गाठ मारायची ती माझ्या हातातल्या त्या पाटीनं.

यादी करणारा माणूस घरोघर फिरला, त्या दिवशी सोपान घरी होता. त्यानं आधी आपलं कुटुंब सांगितलं आणि मग वहिनीचं नाव. त्यामुळे यादीत चारशे तेरावर अंबाबाई आणि चारशे चौदावर चिमाबाई.

मी चारशे तेरा लावून हाक मारली, "अंबाबाई सोपान चासकर!"

अंबाबाई पुढे आली आणि थबकली. मागे वळून म्हणाली, "मी कशी आदी बसू? थोरल्या बाई बसू द्या."

चिमाबाई म्हणाली, "बस गं, नंबर तुझा हाय."

"नंबर असूंद्या. तुमच्या आदी मी खुर्चीत बसली तर गाव काय म्हनंल? बसा तुमी."

मागे शंभर बाया उभ्या होत्या. सगळ्यांनी मान डोलावली. आता मी काय करायचं होतं? स्पष्ट सांगायचं होतं की बाई, इथे वयाचा मान चालत नाही, नंबराचा चालतो. पण थोरल्या जावेला उठवून धाकटीला आधी बसवायचं माझ्याही जिवावर आलं. मी म्हणालो, "बसू द्या थोरल्यांना." घाईत चारशे तेराची पाटी तशीच चिमाबाईच्या हातात गेली. तिनं खास ट्रंकेतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. कपाळी बुक्का, मान ताठ. चांदनं फोटो काढला. मग पुढची पाटी घेऊन अंबाबाई बसली.

चेहरे उलट्या नंबरांवर गेले, हे मला तेव्हाच कळलं होतं. म्हणून मी एका चिठ्ठीवर लिहिलं, 'चारशे तेरा-चौदा अदलाबदल', आणि ती सदऱ्याच्या खिशात ठेवली. संध्याकाळी ठेकेदाराच्या माणसाला सांगायचं ठरवलं. तेवढ्यात जनरेटर बंद पडला. तो सुरू होईपर्यंत बायांनी माझं डोकं खाल्लं. संध्याकाळी मी घरी जाऊन आडवा झालो. चार दिवसांनी सदरा धुऊन आला. खिशात कागदाचा लगदा होता.

तरीही सांगता आलं असतं. तालुक्याला एक चक्कर टाकली असती तर झालं असतं. पण वाटलं, त्यांच्या लक्षात येईलच की. कुणाच्या, ते मी स्वतःला विचारलं नाही.

वर्षभरानं कार्डं आली. शाळेच्या पटांगणात वाटप झालं. चिमाबाईनं आपलं कार्ड हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं.

"गुरुजी, ही आंबी हाय!"

तिकडे अंबाबाईच्या कार्डावर हिरव्या लुगड्यातली चिमाबाई, मान ताठ. पटांगणात हशा पिकला. अंबाबाई म्हणाली, "बाई, तुमी येकदम तरन्या झाल्या की!" सोपाननं दोन्ही कार्डं बघितली आणि म्हणाला, "गुरुजी, सरकारनं ह्यो काय घोळ घातला? आता मी घरी कुनाला काय म्हनायचं त्ये लिवून द्या." चिमाबाई तेवढी हसली नाही. एवढ्या खटपटीनंतर हातात आलं ते दुसऱ्याचं तोंड. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, रागाचं.

"कुनी क्येलं हे?"

मी म्हणालो, "फोटोवाल्यानं काहीतरी गोंधळ घातला असेल."

हे वाक्य मी बोललो. इतक्या वर्षांत जी दोन-चार वाक्यं माझ्या तोंडून पटकन निघाली असतील, त्यातलं हे एक. तेव्हापासून चिमाबाई जुन्नरच्या त्या फोटोवाल्या पोराचा उद्धार करू लागली. डेअरीवर, पाणवठ्यावर, एसटीत. ती बोलायची आणि मी मान खाली घालायचो.

प्रायश्चित्त म्हणून असेल, दुरुस्तीच्या चकरा मी माझ्या अंगावर घेतल्या. त्या चकरांबद्दल लिहायला बसलो तर हा अंक पुरायचा नाही. पहिल्या खेपेला साहेब बैठकीला गेलेले. दुसऱ्या खेपेला अर्ज संपलेले. तिसऱ्या खेपेला चिमाबाईला घेऊन गेलो. खिडकीतल्या माणसानं कार्ड बघितलं, तिला बघितलं आणि म्हणाला, "हे कार्ड यांचं नाही."

"तेच सांगतोय. यांचंच आहे, फोटो दुसरीचा आहे."

"मग या कोण?"

"चिमाबाई."

"कशावरून?"

"मी सांगतो ना. मी मास्तर आहे त्यांच्या गावचा."

"गुरुजी, तुमच्या सांगण्यावर नाही चालत. यांचा फोटो असलेलं काही सरकारी ओळखपत्र आणा."

"अहो, तेच तर मागायला आलोय!"

"मग ते आणा."

चिमाबाईनं खिडकीच्या गजाला धरून आत डोकावलं. "सायेब, तुमी कोन?"

"मी इथला क्लार्क."

"कशावरनं?"

त्यानं खिडकी लावून घेतली. जेवणाची वेळ झाली होती, हे खरं.

रेशन कार्ड होतं, पण ते सोपानच्या नावावर. शाळेत ती गेलीच नव्हती, तेव्हा दाखला नाही. शेवटी तलाठ्याचा दाखला, सरपंचाचं पत्र, दोघींचे नवे फोटो असं सगळं जोडून दोन अर्ज दिले. एक अंबाबाईचा, एक चिमाबाईचा. जुनी कार्डं दाखवली. अंबाबाईचं जुनं कार्ड तिथेच कात्रीनं कापलं. चिमाबाईचं राहू द्या म्हणाले, नवं आल्यावर जमा करा.

दोन वर्षांनी एक पाकीट आलं. त्यात अंबाबाईचं नवं कार्ड होतं, अगदी बरोबर. चिमाबाईचा अर्ज कुठे गेला, ते कुणालाच सांगता आलं नाही.

झालं काय ते लक्षात घ्या. आधी निदान चिमाबाईचं तोंड सरकारात कुठेतरी होतं, दुसऱ्याच्या नावावर का होईना. आता दोन्ही कार्डांवर अंबाबाई. चिमाबाई कुठेच नाही.

"म्हंजे दुरुस्ती करून मला पुसून टाकली," ती म्हणाली.

मी चांदकडे गेलो, जुनी फिल्म मिळते का बघायला. जुन्नरला बाजारपेठेतलं त्याचं दुकान अगदी अरुंद होतं. त्याची बायको साबेरा पडद्यामागून चहा घेऊन आली. चांद म्हणाला, "फिल्म ठेकेदाराकडे गेली, गुरुजी. मला रोजाचे पैसे मिळाले, बास." मग म्हणाला, "तुमच्याकडचं एक गिऱ्हाईक आलं होतं लग्नाच्या फोटोला. कुणीतरी त्याला सांगितलं, हा माणसं बदलतो. तो गेला दुसरीकडे." माझ्याकडे न बघता कप उचलत म्हणाला, "पाटीवर नंबर तुम्ही लावत होता, गुरुजी."

एवढंच बोलला. मी चहा अर्धा टाकून उठलो. एसटीत बसल्यावर ठरवलं, आज चिमाबाईला सांगून टाकायचं. गावात उतरलो तर ती समोरच भेटली. "काय म्हनला त्यो भामटा?" मी म्हणालो, "फिल्म नाही म्हणाला." आणि घरी गेलो.

अठ्ठ्याण्णव, नव्याण्णवच्या निवडणुकांत कुणी कार्डाकडे नीट बघितलं नाही. दोघी जावा बरोबर जायच्या, मत देऊन यायच्या. मला वाटलं, भागलं. मी दोन हजार एकला निवृत्त झालो आणि तो विषय मागे पडला, असं समजून चाललो.

मग दोन हजार चारची विधानसभा आली. आमच्याकडे लढत अटीतटीची होती. घरात मतं किती, हे दोन्हीकडची माणसं बोटांवर मोजत होती. चिमाबाईचं मत कुंडलिकच्या बाजूला नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तिनंच त्याला डेअरीवर सगळ्यांदेखत सांगितलं होतं.

तिसरीचाच वर्ग. जिथे निळा कपडा टांगला होता, तिथे आता पुठ्ठ्याच्या आड मतदानाचं यंत्र. बाकावर एजंट बसलेले, त्यात कुंडलिक. मी पुरुषांच्या रांगेत दाराशी होतो. बायकांच्या रांगेतून आधी चिमाबाई आत गेली, मागे अंबाबाई. तिथेही आधी थोरलीच.

कुंडलिक उठला. "सायेब, हरकत हाय. कार्ड बघा, त्यावरची बाई ही न्हाई."

केंद्राध्यक्ष बाहेरून आलेले, चष्म्याचे, नियमाला धरून चालणारे गृहस्थ. त्यांनी कार्ड बघितलं. "आजी, हा फोटो तुमचा नाही."

"न्हाई," चिमाबाई म्हणाली.

"मग कोणाचा?"

मागून अंबाबाई भाबडेपणानं म्हणाली, "माझा हाय, सायेब."

"तुमचा? मग तुमचं कार्ड?"

"ह्ये काय. ह्याच्यावर बी मीच हाय."

"म्हणजे तुमची दोन कार्डं आहेत?"

"न्हाई वो. येक माझं, येक बाईंचं. दोन्हीवर मी हाय."

केंद्राध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. कुंडलिकनं दोन रुपये टेबलावर ठेवले. लेखी हरकत घ्यायची तर ते भरावे लागतात. साहेबांनी पुस्तक काढलं आणि चिमाबाईला वाचून दाखवलं की दुसऱ्याच्या नावानं मत देणं हा गुन्हा आहे, शिक्षा होते.

चिमाबाईचा आवाज मी आजवर पुष्कळदा ऐकला आहे, पण तसा कधी ऐकला नाही. ओरडली नाही. "शिक्षा? मला? कुंडल्या, माझ्या नावानं दुसरीच आली, तवा तुझं तोंड शिवलं व्हतं. आज मी सोता आली, तर तुझी हरकत?"

"काकी, नियम हाय. म्या काय करू?"

"काकी म्हनू नगंस मला!"

साहेब म्हणाले, "शांत राहा. यांची ओळख पटवणारं कुणी आहे का?"

वर्गात माणसं होती, दारात माणसं होती. सगळी तिला जन्मभर ओळखणारी. पण एका बाजूचे लोक कुंडलिकचे, आणि दुसऱ्या बाजूच्यांना त्याच्याशी उघड वैर नको. लोक छपराकडे बघू लागले. माझे पाय कसे हलले ते मला सांगता येणार नाही. मी आत गेलो.

"साहेब, चूक माझी आहे," मी म्हणालो. कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणालो. "याच खोलीत फोटो काढले. पाटी मी दिली. यांना थोरल्या म्हणून आधी बसवलं. मला तेव्हाच माहीत होतं. फोटोवाल्याची चूक नव्हती. मी सांगायला विसरलो, आणि मग... मग सांगितलं नाही."

चिमाबाईनं माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी इथे लिहीत नाही.

साहेब म्हणाले, "ठीक. तुम्ही कोण?"

"मी इथला निवृत्त शिक्षक. मी ओळखतो यांना."

"तुमचं ओळखपत्र?"

मी खिशात हात घातला. मतदानाची चिठ्ठी होती. कार्ड दुसऱ्या सदऱ्यात राहिलं होतं.

दारातून कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी मला बाजूला उभं राहायला सांगितलं. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. आयुष्यात एकदा बोललो, तर हे असं. अंबाबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "गुरुजी, तुमी घरी जाऊन घिऊन या," पण घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आणि मतदान संपायला पाऊण तास.

मग साहेब कुंडलिककडे वळले. तेच सांगायचं आहे मला. त्या माणसानं पुस्तकात बोट घालून अगदी सरळ विचारलं. "हरकत तुमची आहे, तर तुम्हाला सांगावं लागेल. या बाई चिमाबाई बहिरू चासकर नाहीत, असं तुमचं म्हणणं आहे का?"

"फोटू जुळत न्हाई, सायेब."

"फोटो मी बघितला. मी तुम्हाला विचारतोय. तुम्ही याच गावचे?"

"व्हय."

"या समोरच्या बाईंना ओळखता?"

कुंडलिकनं टेबलावरचे दोन रुपये सरळ केले.

"ओळखता की नाही? लिहून घ्यायचंय मला. नाही म्हणा, सही करा."

चिमाबाई एक पाऊल पुढे झाली. "सांग की रं. मी कोन?"

कुंडलिकनं तिच्याकडे बघितलं, मग टेबलाकडे. तो मतांसाठी काहीही करणारा माणूस आहे, हे मी आजही म्हणेन. पण समोर उभ्या असलेल्या बाईच्या तोंडावर, तू तू नाहीस, असं म्हणायला त्याची जीभ उचलली नाही.

"चिमाकाकी हाय," तो म्हणाला.

"मोठ्यानं."

"चिमाकाकी. बहिरू अप्पाची मालकीन."

साहेबांनी लिहून घेतलं, हरकत फेटाळली आणि दोन रुपये सरकारजमा केले. चिमाबाईच्या बोटाला शाई लावली. ती पुठ्ठ्याआड गेली. यंत्र लांब वाजलं.

बाहेर आल्यावर ती माझ्यापाशी थांबली. मला वाटलं, बोलेल काही बरं.

"सात-आठ वर्सं त्या जुन्नरच्या पोराला शिव्या घातल्या म्या," ती म्हणाली. "तुमी आयकत व्हता. मास्तर ना तुमी?"

ती निघून गेली. तिनं माझ्याशी दिवाळी होईपर्यंत शब्द काढला नाही. मग एक दिवस किटलीत खरवस घेऊन दारात आली आणि म्हणाली, "चला." आम्ही एसटीनं जुन्नरला गेलो. चांदच्या दुकानात तिनं किटली ठेवली आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, "सांगा त्याला." मी सांगितलं. चांद म्हणाला, "मला माहीत होतं, गुरुजी." तिनं त्याला म्हटलं, "मंग बोलायचं न्हाई व्हय, मुडद्या? येवढ्या शिव्या खाल्ल्या!" तो हसला. त्याच्याकडेच तिनं नव्या अर्जासाठी फोटो काढून घेतला. त्याच हिरव्या लुगड्यात.

तो अर्जही एकदा परत आला, एकदा हरवला. शेवटी नव्या फोटो याद्या झाल्या तेव्हा, दोन हजार आठ सालात, तिचं कार्ड आलं. नाव तिचं, तोंड तिचं. एक्याण्णवला कार्ड नव्हतं म्हणून तिचं मत गेलं, आणि दोन हजार चारला कार्ड होतं म्हणून जवळजवळ गेलंच होतं. मतदाराला कार्ड सक्तीचं असावं की नसावं, असं वाचनालयात पोरं वाद घालतात आणि मला विचारतात. मला उत्तर येत नाही. पाटी माझ्यासारख्याच्या हातात असेल तर काय करायचं, एवढाच प्रश्न मला पडतो.

दोन हजार नऊच्या लोकसभेला मी कार्ड खिशात आहे का हे चार वेळा चाचपून गेलो. चिमाबाई माझ्यापुढेच होती, कार्ड हातात धरून. टेबलावरच्या तरुण कर्मचाऱ्यानं यादीत खूण केली आणि वर न बघता म्हणाला, "जा आजी, पुढे."

ती हलली नाही. "कार्ड बघा."

"राहू द्या आजी, आहे यादीत नाव."

"न्हाई, बघा."

"आजी, मागे रांग आहे."

"आसूंद्या. पंधरा वर्सं लागली ह्याला." तिनं कार्ड त्याच्या यादीवर ठेवलं आणि डोक्यावरचा पदर थोडा मागे सारला. "नीट बघा. मीच हाय का?"

त्यानं कार्ड उचललं, फोटोकडे बघितलं, मग मान वर करून तिच्याकडे.

"तुम्हीच आहात."

"हां," चिमाबाई म्हणाली, आणि बोट पुढे केलं.